पाणसळीने निवडलेली बोट

बोट कशी निवडावी, हे मला विचारा!

हसू नका. बोटीचा आणि माझा जन्मात संबंध आलेला नव्हता, हे खरं. मला पोहता येत नाही. बादली काठोकाठ भरली तरी मी दोन पावलं मागे सरतो. पण मी फरशी बसवणारा माणूस आहे. उभा जन्म लोकांच्या पायाखालची जमीन सपाट करण्यात गेला. ज्याला सपाट काय ते कळतं त्याला जगातलं सगळं कळतं, असं माझं मत होतं.

होतं म्हणतोय, इकडे लक्ष असू द्या.

गोष्ट बाबांच्या डोळ्यांपासून सुरू होते. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, पापण्या वर केल्या, खाली केल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना काही दाखवायचं राहिलं असेल तर आत्ताच दाखवून घ्या. पुढे उजेड आणि सावली, एवढंच दिसेल."

बाजूला घेऊन बोलण्याचा उपयोग शून्य. बाबांचे डोळे गेले असतील, कान घुबडाचे आहेत. बाहेर आल्यावर म्हणाले, "उजेड आणि सावली? जन्मभर बस चालवताना दुसरं काय बघितलं मी!"

पण मला एक गोष्ट आठवली. हिने बाबांना शब्द दिला होता. खाडीच्या आतल्या अंगाला उंच कडे आहेत, बोटीतून त्यांच्या पायथ्याने जाता येतं. बाबांनी खाडीकाठच्या रस्त्याने उभा जन्म बस नेली, पण ड्रायव्हरने कड्यांकडे बघायचं नसतं, समोर बघायचं असतं. ते एकदा असं म्हणाले आणि ही लगेच म्हणाली, "बाबा, डोळे आहेत तोवर तुम्हाला ते कडे दाखवणार. मी बोट बघते."

ही म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी गेली. त्याबद्दल मला नीट लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

एवढंच सांगतो की आमच्या घरात सगळं तीच निवडायची. पडदे, डॉक्टर, माझे शर्ट, आईबाबांच्या उशा. तिची एक पद्धत होती. खुर्ची घ्यायची असली की अंगठ्याने गादी दाबून बघायची. बाहेर चहा प्यायली की एकच घोट घ्यायची आणि निकाल द्यायची, "पाणी जास्त." आणि कुठेही बसली तरी खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायची, आत्ता उठायचं असल्यासारखी. ती गेल्यावर घरातलं बोलणंही आटलं. मीठ दे, दार लाव, झोपा आता. तीन माणसांना तेवढं पुरत होतं.

तर एक दिवस जेवताना मी जाहीर केलं, "बोट मी निवडणार!"

आईचा घास हातातच राहिला. "तू?"

"मी."

"अरे, तू चप्पल आणलीस तरी एक पाय मोठा निघतो!"

"चपलेचं वेगळं. बोटीला तळ असतो, आणि तळातलं मला कळतं."

"क्रूझ म्हणतात ना रे तिला आता?" बाबांनी विचारलं. "बोटीत आणि क्रूझमध्ये फरक काय?"

"क्रूझमध्ये खुर्च्यांना गाद्या असतात."

"हं," आई म्हणाली. आमच्या घरात आईच्या 'हं'चे अनेक अर्थ होतात. त्यातला एकही चांगला नसतो.

मी बेत पक्का केला. आईला झोपाळ्यावरसुद्धा मळमळतं. बाबांना नीट दिसत नाही, तोल गेला की संपलं. म्हणजे काय हवं? न हलणारी बोट! आणि ती शोधायचं हत्यार माझ्या पिशवीत कायम असतं. पाणसळ. हातभर लांब पट्टी, मधे काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. जमीन सपाट असली की बुडबुडा मधोमध. जरा कल असला की पळाला. माणसं खोटं बोलतील, बुडबुडा बोलत नाही!

खाडीच्या धक्क्यावर कड्यांकडे जाणाऱ्या तीन बोटी लागतात. मी गेलो त्या दिवशी पाण्यावर थोडं धुकं होतं.

पहिली बोट दुमजली, पांढरीशुभ्र, आणि आत गाण्यांचा असा दणदणाट की माशांनी पोलिसांत तक्रार करावी. दारात पांढऱ्या बुटांचा एक तरतरीत विक्रेता.

"या काका, या! चौघं ना?"

"तिघं."

"असं? त्या बाई तर चार म्हणाल्या होत्या."

"कोण बाई?"

"काल येऊन गेल्या की! म्हणाल्या, पाणसळ घेऊन एक जण येईल. तुमच्या हातात तेच आहे ना?" त्याने माझ्या पट्टीकडे बोट दाखवलं. "एकेक खुर्ची अंगठ्याने दाबून बघितली त्यांनी. म्हणाल्या, ही गादी नाही, वर्तमानपत्राची घडी आहे. आणि गेल्या निघून."

माझ्या मानेवर कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. पण मी मनाला समजावलं. पाणसळ घेऊन फिरणारे कारागीर काय थोडे असतात? असेल दुसऱ्या कुणाची बाई. मी पट्टी टेबलावर ठेवली. बुडबुडा शाळा सुटल्यासारखा इकडून तिकडे धावत सुटला. बोट नापास!

दुसरी बोट लहान, काचेची, सुळकन पळणारी. तिथे गॉगल लावलेली एक मुलगी. धुक्यात गॉगल! तिनेही तोंड उघडलं ते, "चार जणांचं ना?"

"तीन!" मी जरा जोरातच म्हणालो.

"ओरडताय काय? त्या बाईंनी चार सांगितलं. मी चहा दिला त्यांना. एक घोट घेतला, म्हणाल्या, पाणी जास्त. कप खाली ठेवला, बशीच्या मधोमध सरकवला, आणि..."

"आणि?"

"आणि काय? गेल्या. धुक्यात दिसेनाशा झाल्या."

मी पट्टी ठेवली. बुडबुडा नळीच्या एका टोकाला जाऊन दडून बसला. त्यालाही भीती वाटली असावी.

तिसरी बोट धक्क्याच्या अगदी टोकाला होती. तिथवर चालत जाईपर्यंत धुकं इतकं दाटलं की मागची दुमजली बोट दिसेना, तिचं गाणंही विझलं. स्वतःच्या पावलांचा आवाज तेवढा येत होता, आणि तोही जरा उशिरा येतोय असं वाटत होतं. बोट करड्या रंगाची, जुनी, रुंद. लाटेचा आवाज नाही. दोराची करकर नाही. खिडकीतून दिसणाऱ्या खुर्च्यांच्या रांगा, सगळ्या बाहेर तोंड करून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या.

दारात एक माणूस उभा. डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळलेला. एक शब्द न बोलता त्याने मला हाताने आत यायची खूण केली.

मी पट्टी टेबलावर ठेवली. बुडबुडा मधोमध आला आणि तिथेच थांबला. मेल्यासारखा स्थिर. हा शब्द मी वापरायला नको होता, पण मनात तोच आला.

"तुमची बोट हलत नाही?" मी विचारलं.

"नाही," मफलरवाला कुजबुजला. "इथे कुणाला कधी मळमळत नाही. इथे सगळे अगदी शांत बसतात."

"तुम्ही कुजबुजताय का?"

"घसा बसलाय."

मला इतकं हायसं वाटलं की सांगता सोय नाही! "ठरलं तर! रविवारच्या तीन जागा..."

"चार," तो कुजबुजला. "खिडकीजवळची ती एक खुर्ची त्यांनी आधीच सांगून ठेवलीय."

"कुणी?"

"तुमच्या घरच्यांनी."

"दिसायला कशा होत्या?" माझाही घसा आता बसला होता. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून कुजबुजत होतो.

"धुक्यात चेहरा कुठे दिसतो? डोक्यावरून हिरवी शाल होती. तिला काठाजवळ लाल धाग्याने रफू केलेलं. आणि बसल्या होत्या त्या तिथे. खुर्चीच्या पुढच्या कडेवर. आत्ता उठायचं असल्यासारख्या."

वाचकहो, हिरव्या शालीला लाल धाग्याने रफू कोण करतं? ज्या घरात हिरवा धागा संपलेला असतो त्या घरातली बाई करते. ती शाल हिची होती. तो रफू तिने माझ्यासमोर बसून केला होता.

मी पट्टी उचलली आणि पळालो. मागून मफलरवाला हातवारे करत कुजबुजत होता, "अहो, थांबा! एक सांगायचं राहिलं! सुरुवातीला बोट जरा..." पण बसलेल्या घशाने मारलेली हाक किती लांब पोचणार? आणि पळणारा माणूस काय ऐकणार?

घरी आलो तो थेट माझ्या खोलीत. कपाट उघडलं. शाल हिच्या खिळ्याला होती, नेहमीसारखी. मी हात लावला.

ओली होती.

काठाला चिखल होता. वास घेतला, खाडीचा!

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. मला भीती वाटली हे खरं. पण त्या भीतीच्या मागे दुसरंही काहीतरी होतं. तिला मी निवडलेली बोट पसंत पडली, असं काहीतरी. माणूस घाबरलेला असतानाही कौतुकाचा भुकेला असतो!

"काय करतोयस?" दारात आई उभी होती. तिचं लक्ष माझ्या हातातल्या शालीकडे गेलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"काही नाही," मी म्हणालो.

"ती शाल..."

"काही नाही म्हटलं ना!" मी कपाट लावून टाकलं. म्हातारीला सांगू तरी काय, की तुझी सून खाडीवर बोटी बघत फिरतेय? जागच्या जागी बसली असती!

त्या संध्याकाळी जेवताना मी आईकडे बघत नव्हतो, आई माझ्याकडे बघत नव्हती. बाबांनी ताटात हात फिरवला आणि म्हणाले, "आज मीठसुद्धा कुणी मागत नाही? कुणी आहे ना इथे, की मीच एकटा जेवतोय?"

रविवार उजाडला तो धुक्यातच. मला वाटलं, नको जायला. पण बाबा पहाटेच दाढी करून, कोट घालून, दाराकडे तोंड करून बसले होते. चष्म्याच्या काचा त्यांनी इतक्या पुसल्या होत्या की झिजल्या असतील. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

धक्क्यावर मी आईचा हात धरला, आईने बाबांचा धरला, आणि आम्ही ओळीने त्या करड्या बोटीत शिरलो. आत सगळे म्हातारे. मांडीवर घोंगड्या, तोंडं खिडक्यांकडे, आणि चिडीचूप. कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आमची चार खुर्च्यांची जागा खिडकीशी होती. बाबा, आई, मी, आणि चौथी रिकामी. मफलरवाल्याने ट्रे आणला. टेबलावर चार कप ठेवले. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने चौथ्या खुर्चीकडे बघितलं आणि तो निघून गेला.

मग इंजिन सुरू झालं. मंद घरघर. पायाखाली हलकी थरथर. खिडकीबाहेर नुसता पांढरा कापूस. किनारा नाही, पाणी नाही, काही नाही.

"निघालो का रे?" बाबांनी विचारलं.

"निघालो!" मी छाती फुगवून पट्टी टेबलावर ठेवली. बुडबुडा मधोमध. "बघ आई! चालती बोट, आणि केसभर हलत नाही! याला म्हणतात निवड!"

"हं," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

मी चहा प्यायलो. पाणी जास्त होतं. परत बुडबुड्याकडे बघितलं. आणि मग हळूहळू, गळक्या नळासारखं, थेंब थेंब माझ्या डोक्यात शिरायला लागलं. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूवर बुडबुडा स्थिर कसा राहील? पहिल्या बोटीत पळाला. दुसऱ्या बोटीत लपला. इथे का नाही?

मी हळूच उठलो, बाहेर कठड्याशी गेलो आणि खाली वाकून बघितलं.

चिखल! पाणी नव्हतंच! बोट चिखलात अशी बसली होती जशी मी ओल्या सिमेंटात फरशी बसवतो. मी बघत असतानाच एक खेकडा आला आणि बोटीला मागे टाकून पुढे निघून गेला.

निवडून निवडून मी न तरंगणारी बोट निवडली होती! असली चूक करायला फरशीवालाच लागतो!

आत आलो तो सगळ्यांना सांगायचं ठरवूनच. तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आले का रे कडे?"

त्यांनी मान वर केली होती. कड्यांकडे बघायला मान जितकी वर करावी लागते तितकी. डोळे मोठे उघडून त्या पांढऱ्या कापसात शोधत होते. एवढी पुसलेली काच, आणि पलीकडे काही नाही.

"आले, बाबा," मी म्हणालो.

जीभ माझीच होती. पण मी तिला सांगितलं नव्हतं!

"कसे आहेत?"

"उंच आहेत."

"किती उंच?"

"म्हणजे... फरशांचे गठ्ठे एकावर एक रचले की गोदामाच्या छताला लागतात ना, तसे. आणि त्या गोदामावर आणखी गोदाम."

"रंग?"

"करडा. मधे एक पिवळसर पट्टा. आणि सांधे काय सरळ आहेत, बाबा! दोरी लावून बसवल्यासारखे!"

"काय दिसतंय, काय दिसतंय?" मागून आवाज आला. लोकरी टोपी घातलेल्या एक आजी पुढे वाकल्या होत्या. "जरा मोठ्याने सांगा की! आम्हीसुद्धा डोळ्यांनी अधूच आहोत, आणि तिकीट पूर्ण काढलंय!"

झालं! इतका वेळ थडग्यासारखे बसलेले सगळे म्हातारे माझ्याकडे वळले. मी उभा राहून जरा मोठ्याने सांगायला लागलो. कड्याच्या कपारीत झाडं उगवली. झाडांवर पांढरे पक्षी बसले. एका ठिकाणी दगड पुढे आला होता, तो मी चांगला घासूनपुसून चकचकीत केला. गेल्या वर्षभरात मी जितके शब्द बोललो नसेन तितके तिथे बोललो. थांबायची भीती वाटत होती. थांबलो की पुन्हा ती घरघर आणि तो कापूस!

"धबधबा आहे म्हणाले होते," आजींनी तक्रार केली.

"येतोय! येतोय! हा आला! उजव्या हाताला!"

सगळ्या खुर्च्या करकरत उजवीकडे वळल्या.

"दिसला!" पलीकडचे एक आजोबा ओरडले.

"मलाही दिसला!"

"एक कुठे? दोन आहेत," टोपीवाल्या आजी म्हणाल्या. "आणि वर बकरी उभी आहे."

"बकरी?" मी दचकलो. बकरी माझी नव्हती.

"दिसत नाही? एवढी मोठी! कसले डोळे हो तुमचे?"

आता माझा धबधबा माझ्या हाताबाहेर चालला होता. मदतीला कुणीतरी हवं म्हणून मी आमच्या टेबलाकडे वळलो.

चौथ्या खुर्चीच्या पाठीवर हिरवी शाल होती.

खांद्यावरून घसरू नये म्हणून ओढून घ्यावी तशी. लाल रफू माझ्याकडे होता. समोर चहाचा कप, आणि तो बशीच्या बरोबर मधोमध.

मी किंचाळलो! चांगला, पोटातून!

"बघा, बघा!" आजोबा म्हणाले. "धबधबाच तसा आहे! तरणा माणूससुद्धा हबकला!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अशा वेळी माणूस त्याला येत असलेली एकच गोष्ट करतो. मी पट्टी उचलली आणि त्या खुर्चीच्या गादीवर ठेवली. टेबलावर मधोमध असलेला बुडबुडा सरकला. हळू. पाठीकडे सरकत गेला आणि टोकाला थांबला. म्हणजे खुर्ची पुढच्या कडेला दबलेली होती. कुणीतरी कडेवर बसावं तशी. आत्ता उठायचं असल्यासारखं.

मी पट्टी काढून घेतली. खरं सांगायचं तर त्या क्षणी भीती कुठे गेली तेच कळलं नाही. मी खाली बसलो, त्या खुर्चीकडे तोंड करून.

आणि धुकं फाटलं.

एका झटक्यात. खिडकीबाहेर धक्का होता. जिथून चढलो तोच धक्का, उडी मारून जाता येईल इतका जवळ. त्यावर एक कुत्रा झोपला होता. पांढऱ्या बुटांचा विक्रेता आमच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता, कारण बोटभर म्हातारे त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. माझ्या धबधब्याच्या जागी धक्क्यावरचा नळ होता. तो मात्र गळत होता.

टाळ्या थांबल्या.

"बकरी कुठे गेली?" टोपीवाल्या आजींनी विचारलं.

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण खाली चिखल होता. मी बाबांकडे वळलो. "बाबा, बोट... म्हणजे आपण..."

बाबांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते!

"अरे, मी जन्मभर बस चालवली!" ते डोळे पुसत म्हणाले. "गाडी चालू आहे आणि गाडी चालतेय, यातला फरक मला कळत नाही? बसल्यापासून तो नळ माझ्या एकाच कानाशी गळतोय!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू दोरी लावून कडे बसवत होतास. मधे कशाला बोलू?"

"आणि मला तर आधीच माहीत होतं," आईने डोळे उघडले. "त्या मफलरवाल्याने मला सांगितलं होतं. ओहोटीला या टोकाचं पाणी आटतं, बोट चिखलात असते. आधी बसवून चहा देतात, गरम राहावं म्हणून इंजिन लावून ठेवतात, पाणी चढलं की सोडतात."

"तुला कधी सांगितलं?"

आई शालीकडे बघायला लागली. "तू जायच्या आदल्या दिवशी मी येऊन गेले. बाबांच्या डोळ्यांचे थेंब आणायला जाते म्हणून. तुझी निवड मला माहीत आहे. आणि पाणसळ नेल्याशिवाय तू राहणार नाहीस हेही."

"खुर्च्या दाबून बघणारी तू?"

"मग? तिच्याबरोबर इतकी वर्षं काढली. तिचंच बघून शिकले मी."

"आणि कडेवर बसून?"

"मागे टेकून बसलं तर माझे पाय जमिनीला पोचत नाहीत रे! खाडीवर गार असतं म्हणून तिची शाल घेतली होती. तू ती हातात घेऊन असा उभा होतास, मला वाटलं, राग आला. म्हणून आज पिशवीतच ठेवली होती. आत्ता बाबांना गारठा लागेल म्हणून काढली, तर ते म्हणाले नको. म्हणून तिथे ठेवली."

"आणि चौथी खुर्ची?"

"यांचे पाय सुजतात. वर ठेवायला."

मी बाबांचे पाय बघितले. दोन्ही जमिनीवर होते. सकाळपासून जमिनीवरच होते.

"ठेवा ना बाबा, पाय."

"असू दे," बाबा म्हणाले.

आईने चौथ्या कपावर हात धरून बघितला, अजून गरम आहे का म्हणून. मग हात काढून घेतला. तो चहा कुणी प्यायलं नाही.

"आई, निदान तू तरी मला थांबवायचंस! मी बकरीपर्यंत पोचलो!"

"कशी थांबवणार?" आई म्हणाली. "तू बोलत होतास."

तेवढ्यात खालून एक धक्का बसला. टेबलावरचे कप किणकिणले. पाणी चढलं होतं. बोट चिखलातून सुटली, डुलली, आणि खरोखर चालायला लागली. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. बुडबुडा वेड्यासारखा धावत सुटला. मफलरवाला जवळून गेला तेव्हा मी त्याचा कोट धरून विचारलं, "त्या चौथ्या खुर्चीचे पुढचे पाय झिजलेत का हो?"

"ती?" तो कुजबुजला. "ती आमची सगळ्यात नवी खुर्ची आहे. त्यांना म्हटलं, दुसरी देतो. म्हणाल्या, हीच."

"मी नाही असं म्हटलं," आई म्हणाली. "मी फक्त खिडकीची म्हणाले होते."

मी पुन्हा पट्टी ठेवून बघितली. पण चालत्या बोटीत पाणसळीला काही अर्थ नसतो. बुडबुडा तिथेही धावतच होता. खुर्चीलाही विचारता येत नाही.

कडे आले. खरे. वर ऊन होतं, आणि बोट इतकी जवळून गेली की बाबांच्या चेहऱ्यावर त्यांची सावली पडली. बाबांनी मान वर केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ ते बघत राहिले. पिवळसर पट्टा खरंच होता. तो मी कुठून आणला होता, देव जाणे.

"दिसतायत, बाबा?"

"दिसतायत."

"कसे आहेत?"

बाबांनी नीट विचार केला. "बरे आहेत," ते म्हणाले. "पण सांधे तुझ्या कड्यांचे जास्त सरळ होते."

आईला मळमळलं नाही. मला मळमळलं. पण ते विस्ताराने सांगण्यासारखं नाही.

उतरताना मफलरवाला दारात उभा होता. बाबा त्याला म्हणाले, "डोळे आहेत तोवर पुन्हा येणार. पुढच्या रविवारी जागा ठेवा."

त्याने माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याने आता धडा घेतला होता. "तीन ना?"

"चार," मी म्हणालो.

त्याने भुवया उंचावल्या. आई पाण्याकडे बघत होती. बाबा नळाचा आवाज ऐकत होते.

"बाबांचे पाय सुजतात हो," मी म्हणालो, "वर ठेवायला लागते."